तापीतले उपाशी आरमार

सर्व संबंधितांस, म्हणजे ज्यांनी ज्यांनी मला नाशिक स्टेशनावर निरोप देताना "काही झालं तरी नदीत उतरू नका" असे बजावले होते त्या सर्वांस, अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, गेल्या मार्गशीर्षात पश्चिम खानदेशात एका आरमाराची स्थापना झाली, ते विधिपूर्वक तापी नदीत उतरले, आणि सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या मुदतीत त्यातले निम्मे बुडाले. आरमारात जहाजे दोन होती. एकाचा सरखेल मी. बुडाले ते दुसरे.

आता हकिकत ऐका.

दोंडाईच्याला गाडीतून उतरलो तो शिंकतच. स्टेशनाबाहेर जिकडे पाहावे तिकडे मिरच्या वाळत घातलेल्या. जमीन लाल आणि हवा तिखट. या लाल गालिच्याच्या पलीकडे पांढरा अंगरखा, केशरी पगडी आणि मोठे पोट असा माझा धुळ्याच्या बोर्डिंगातला मित्र फुलचंद उभा होता. फुलचंदाचे आजोबा मारवाडातून इकडे आले. त्याचे दोंडाईच्याला कापडाचे दुकान आहे. तो घरात मारवाडी बोलतो, गिऱ्हाइकांशी गुजराती बोलतो, माझ्याशी मराठी बोलतो, आणि मनापासून संतापला की अहिराणी बोलतो. अहिराणी ही इकडची रोजची बोली. तिच्यात 'आहे'ला 'शे' म्हणतात आणि भांडताना ती फार शोभते.

"वकिला, आलास ते बरं केलंस," तो म्हणाला. "परवा आपल्याला प्रकाशाला जायचंय. नदीनं."

"नदीनं म्हणजे? रस्ता वाहून गेला की काय?"

"रस्ता आहे. रस्त्यात घोडे आहेत."

हे समजायला सहा वर्षे मागे जावे लागते. फुलचंदाची धाकटी बहीण गुलाबबाई प्रकाशाला, म्हणजे तापीकाठच्या प्रकाशा गावी, दिलेली. तिच्या मुलीच्या लग्नात मामेरे घेऊन (मामाकडचा आहेर घेऊन) फुलचंद निघाला. वाटेत सारंगखेड्याला दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा भरली होती. "एक नजर टाकतो" म्हणून शेटजी बैलगाडीतून उतरले. एक पांढरी घोडी ढोलाच्या तालावर नाचत होती. फुलचंद नजर टाकत राहिला. तिकडे गुलाबबाई आरतीचे ताट घेऊन दारात उभी. निरांजन विझले, पुन्हा लावले, पुन्हा विझले. शेवटी शेजारच्या एका काकांना मामा करून विधी उरकला. फुलचंद पोचला तेव्हा वऱ्हाडी हात धूत होते. बहिणीने एक अक्षर काढले नाही, आणि त्या दिवसापासून सहा वर्षे काढले नाही.

या वर्षी तिचा निरोप आला, तोही दुसऱ्याच्या तोंडून. दोघांनी दोन दिवसांचा उपवास करायचा. फक्त उकळलेले पाणी, तेही दिवसाउजेडी. तिसऱ्या दिवशी फुलचंदाने प्रकाशाला यायचे आणि बहिणीच्या हातून पारणे करायचे. तो जेवल्याशिवाय ती जेवणार नाही. जैनांत सूर्य मावळल्यावर अन्नही नाही आणि पाणीही नाही. म्हणजे सूर्य बुडायच्या आत भाऊ पोचला नाही तर दोघांनाही आणखी एक रात्र उपाशी काढावी लागणार, आणि पुढच्या सहा वर्षांचे काय होईल ते निराळे.

"आणि तो तिसरा दिवस नेमका यात्रेतला," फुलचंद कपाळाला हात लावून म्हणाला. "तिनं मुद्दाम धरलाय. रस्ता यात्रेतूनच जातो. माझा माझ्यावर भरवसा नाही, वकिला. नदीत घोडे नसतात."

नदीत जायचे साधन त्याने मला गोदामात नेऊन दाखवले. जिनिंग कारखान्यात यंत्रे बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर वर्षभर फुलचंदाकडे जेवत असे. जाताना तो आपल्या दोन होड्या कृतज्ञतेपोटी मागे ठेवून गेला. लाकडी काड्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले जाड कापड, मध्ये एक भोक. भोकात माणसाने कमरेपर्यंत शिरायचे, पाय पुढे पसरायचे आणि दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे डावी-उजवीकडे मारायचे. तिकडे हिला कायाक म्हणतात. पाहिल्यावर मला नाटकातल्या राजाची मोडकी पालखी आठवली. मी नाटकात पुष्कळ कामे केली आहेत आणि बसल्या सिंहासनासकट पडण्याचा मला अनुभव आहे, म्हणून मी होकार दिला.

तिसऱ्या दिवशी पहाटे टांगा सारंगखेड्याकडे निघाला. होड्या मागून गाडीत येत होत्या. धक्का गाठायला तेवढी यात्रा ओलांडणे भागच होते. यात्रा जवळ आली, खिंकाळ्या ऐकू येऊ लागल्या, तशी फुलचंदाने पगडीचा शेव सोडून डोळ्यांवर ओढला.

"काळी आहे का रे एखादी?" तो आतून विचारी.

"सगळ्या म्हशी आहेत," मी सांगे.

प्रत्यक्षात काय सांगू! दुतर्फा घोडेच घोडे. कुणाच्या गळ्यात मण्यांच्या माळा, कुणाच्या शेपटीला मेंदी, एक शिंगरू तर आमच्या टांग्यातच तोंड घालून फुलचंदाचा अंगरखा हुंगून गेले. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. एवढा संयम मी कुठल्या साक्षीदारातही पाहिलेला नाही.

सारंगखेड्याच्या धक्क्यावर आरमार पाण्यात सोडले. फुलचंदाला भोकात बसवायला चार माणसे लागली. त्याच्या मांड्यांमध्ये पितळी डबा होता. डब्यात डिंकाचे एकवीस लाडू. गुलाबबाईला फार आवडतात म्हणून त्याच्या बायकोने तूप सढळ घालून केलेले. दोन दिवस पोटात काही नसलेला माणूस डिंकाच्या लाडवांचा डबा मांड्यांत धरून सात कोस जाणार होता. त्या वासाने माझे वल्हे दोनदा चुकले, त्याचे काय झाले असेल!

मार्गशीर्षातली तापी समजूतदार असते. पावसाळ्यातला दंगा संपलेला, पाणी निवळ, डोहात हिरवे आणि उथळात गोट्यांवरून खळखळणारे. दोन्ही तीरांना मातीच्या उंच दरडी आणि मधूनमधून वाळूची बेटे. उत्तरेला सातपुडा निळ्या धुरासारखा दिसत होता. पहिला तासभर आम्ही इतक्या दिमाखात चाललो होतो की मी मोठ्याने एक पद म्हटले. दरडीवरची मेंढरे पळाली.

"दुपारच्या आत पोचतो," फुलचंद म्हणाला. "गुलाबला वाटेल, हा आपला भाऊ नव्हेच."

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की माझा मित्र बुटका होत चालला आहे. सकाळी त्याचे पोट होडीच्या वर दिसत होते. आता छाती तेवढी दिसत होती.

"फुलचंद, पाणी शिरतंय का रे?"

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"बसल्या जागी आंघोळ होईल एवढं."

"मग उपस की! तांब्या आहे ना!"

त्याने तांब्या भरला, डोळ्यांसमोर धरला, आत निरखून पाहिले आणि तो पाण्यावर न ओतता हलकेच नदीत बुडवून तिरपा केला. दुसरा तांब्याही तसाच.

"अरे, हे काय? उपसतोयस की अभिषेक करतोयस?"

"आत बारीक मासोळ्या आल्यात," तो शांतपणे म्हणाला. "वरून ओतलं तर दुखावतील. जिथलं पाणी तिथं, हळू."

मी माझा शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज काढला. त्याला कायदा सांगितला, धर्म सांगितला, त्याच्या बायकोचे नाव घेतले. तो एकेक मासोळी हाताच्या ओंजळीत घेऊन नदीच्या स्वाधीन करीत होता. एक मासोळी बाहेर गेली की तांब्याभर पाणी आत येत होते. शेवटी मी माझी होडी त्याच्या होडीला भिडवली, दोन्हींवर आडवे वल्हे टाकले आणि बगलेत तिची कड घट्ट धरली. अशा मिठीत आरमार एका वाळूच्या बेटाला लागले. उतरताना माझ्या उजव्या पायातला जोडा तापीने ठेवून घेतला.

होडी उलटी केली. तळाच्या शिवणीतून पाणी टपकत होते. माझी उलटी केली. कोरडी ठणठणीत. एकाच कारागिराच्या दोन होड्या. मी वकिली नजरेने फुलचंदाकडे पाहिले. तो सातपुड्याकडे पाहू लागला.

"फुलचंद. खरं सांग."

"शिवणींना चरबी लावलेली होती," तो हळू आवाजात म्हणाला. "गुराची. साहेबानं जाता जाता सांगितलं. आता अशा होडीत बसून मी पारण्याला जाऊ? तीन दिवस रिठ्याच्या पाण्यानं घासली. मग शेंगदाण्याचं तेल लावलं, चांगलं दोन वेळा."

"आणि माझी?"

"तू अंडं खातोस."

माझ्या अंड्याने मला तारले होते. मी कपाळावर हात मारला आणि उदारपणे म्हणालो, "बरं, तू माझ्या होडीत बस. मी तुझीत बसतो. मला पोहता येतं."

"तुझीला चरबी आहे."

"दिवस चढतोय!"

"चढू दे."

पायी जावे तर दरडींमधल्या घळी, काटे आणि वाळू. दोन दिवसांचा उपाशी जाडा माणूस घटकाभरात खाली बसला असता. इतक्यात बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाळे वाळत घालणारा एक म्हातारा कोळी आमच्याकडे येताना दिसला. बुधा त्याचे नाव, असे पुढे कळले. त्याने दोन्ही होड्यांना प्रदक्षिणा घातली.

"आप्पा, हाई काय शे? वालनी पापडी?" (हे काय आहे? वालाची शेंग?)

"होडी आहे," मी म्हणालो.

"आनि शेट दाना!" (आणि शेट म्हणजे दाणा!) तो खदखदून हसला. मग भोक पाहून गंभीर झाला. त्याचा नावाडी मुलगा होडी घेऊन यात्रेला गेलेला, म्हणजे दुसरे वाहन नाही. पण औषध होते. कमरेची तुंबडी काढून तो म्हणाला, "सुसरनी चरबी शे. बोटभर लाव, वरीसभर थेंब शिरनार नही."

फुलचंदाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"कसाले रे शेट? सुसर मरेल शे, तिले काय समजस?" (कशाला रे? सुसर मेलेली आहे, तिला काय कळतंय?)

"नको आप्पा. मन्ही बहीन दोन दिनपासून उपाशी शे. पन हाई नको." फुलचंद अहिराणीत उतरला, म्हणजे प्रकरण काळजाला भिडले होते. त्याचे डोळे भरून आले. "मी लवकर निंघनू, आप्पा. या येळले खरंच लवकर निंघनू." (या वेळी खरंच लवकर निघालो.)

म्हाताऱ्याने तुंबडी पुन्हा कमरेला अडकवली. तो वाळूत बसला, नाक वर करून त्याने हवा हुंगली आणि विचारले, "डबामा काय शे?"

"लाडू. डिंकाचे. बहिणीसाठी."

"तूप शे? डिंक शे? गूळ शे?" बुधाने प्रत्येक शब्दाला एकेक बोट मोडले. "मंग तेच कामले येतीन." (मग तेच कामाला येतील.)

फुलचंदाने डबा पोटाशी धरला. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने वर सूर्याकडे पाहिले. सूर्य डोक्यावर येऊन पुढे कलला होता. मग त्याने डबा बुधाच्या हाती दिला आणि पाठ फिरवून बसला.

खापरात लाडू वितळले. तूप, गूळ, डिंक, पीठ यांचा असा काही लगदा झाला की त्या वासाने पैलतीरावरची कुत्री भुंकू लागली. माझ्या उपरण्याच्या पट्ट्या फाडून त्या लगद्यात बुडवल्या आणि बुधाने त्या शिवणीवर एकावर एक थापल्या. लगदा थंड होऊन धरेपर्यंत सावल्या लांब झाल्या. इथे मला कबुली द्यायला हवी की तेवढ्या वेळात मी झाऊच्या झुडपामागे जाऊन कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा खाऊन घेतला. उपाशी मित्रासमोर खाणे मला प्रशस्त वाटेना. पण ठेच्याने उचकी लागली आणि ती काही केल्या थांबेना.

"पाणी पी वर," झुडपापलीकडून फुलचंद म्हणाला. "आणि तोंडाला लागलेलं पूस."

आरमार पुन्हा निघाले. आता वेळ वाचवायला मी त्याला ओढायचे ठरले. दोरी नव्हती. फुलचंदाने डोक्यावरची पगडी उलगडली. ती उलगडतच गेली. एक टोक त्याने आपल्या होडीला बांधले. दुसरे माझ्या होडीला बांधू देईना, कारण चरबी. म्हणून ते माझ्या कमरेला बांधले. मी बैल झालो.

नदी पश्चिमेला वाहते, त्यामुळे सूर्य सबंध वेळ आमच्या नाकासमोर होता. तो केशरी होत होता आणि मी वल्हे मारत होतो. लाडवांनी कमाल केली. एक थेंब आत येईना. मी मागे वळून शाबासकी देणार तो काय पाहतो, फुलचंदाच्या होडीभोवती पाणी उकळल्यासारखे खदखदत होते. शेकडो मासे! सकाळच्या मासोळ्यांनी आपले सगळे गोत जमवून आणले होते आणि ते खालून लाडू खात होते.

"हाकल त्यांना!" मी ओरडलो.

फुलचंदाचा चेहरा उजळला होता. "खाऊ दे रे. जीव आहेत. बघ कसे मनापासून खातात!"

"अरे, ते तुझी होडी खातायत!"

"ऊं," तो म्हणाला, आणि मग जरा हेव्याने, "तूप चांगलं लागलेलं दिसतंय."

प्रकाशाचा घाट दिसू लागला तेव्हा सूर्याची खालची कड दरडीपासून चार बोटे उरली होती. देवळांची शिखरे काळी दिसत होती. पायऱ्यांवर लाल ओढणी घेतलेली एक ठेंगणी बाई एकटीच उभी होती. हातात वाटी, वाटीवर दुसऱ्या हाताचा पंजा.

"गुलाब," फुलचंद पुटपुटला. आणि त्याची होडी जड झाली. कमरेची पगडी मला मागे खेचू लागली. मी वळून पाहिले तर फुलचंद पुन्हा बुटका झाला होता, आणि यावेळी वेगाने. मी दात-ओठ खाऊन वल्हे मारले. हाताच्या फोडांतून पाणी निघाले, पद सुचेना, उचकी परत आली. तीन बोटे. दोन बोटे. पायऱ्या तीस हातांवर असताना पगडीला हिसका बसला, मी मागे वळलो, आणि फुलचंदाची होडी सरळ, शांतपणे, मानाने खाली गेली.

तिथे पाणी कमरेएवढे होते. फुलचंद उभा राहिला. होडी त्याच्या कमरेला अडकून राहिली होती, तिची दोन्ही टोके पुढेमागे तरंगत होती. बोडके डोके, अंगाला तूप, हातात रिकामा पितळी डबा. तो पाऊल टाकी आणि होडीचे टोक त्याला गोल फिरवी. सूर्याची कड दरडीला टेकली. बहीण पायरीवर, भाऊ पाण्यात, मध्ये तीस हात नदी.

मग फुलचंदाने हात जोडले. सहा वर्षे रोज रात्री मनात घोकलेले भाषण त्याने काढले. "गुलाब, त्या दिवशी ती घोडी नाचत होती म्हणून मी थांबलो हे खरं आहे, पण माझं मन..." असे ते सुरू झाले. सूर्य अर्धा झाला होता आणि भाषण, माझ्या अनुभवावरून सांगतो, चांगले पाऊण तासाचे होते.

गुलाबबाई वाटी वर धरून, ओढणीसकट, पायऱ्या उतरून सरळ नदीत शिरली. पाणी तिच्या छातीपर्यंत आले. ती थांबली नाही. भावासमोर येऊन तिने एकदा सूर्याकडे पाहिले, एकदा त्याच्या बोडक्या डोक्याकडे, आणि सहा वर्षांतले पहिले वाक्य बोलली. ते वाक्य मी राखून ठेवतो आहे. वकिलाला सगळे पुरावे एकदम मांडायची सवय नसते.

मुगाचे पाणी भावाच्या पोटात गेले, उरलेला घोट बहिणीने घेतला, आणि सूर्य बुडाला. त्या रात्री दोघांना तेवढ्यावरच राहावे लागले. पण रात्रभर ओसरीवर बोलण्याचा आवाज येत होता, आणि मधेच मोठ्याने हसणे. एकदा तर मला गुलाबबाई माझ्या उचकीची नक्कल करताना स्पष्ट ऐकू आली.

परतीला बैलगाडी केली. गुलाबबाई आम्हांला सारंगखेड्यापर्यंत पोचवायला आली. यात्रेत गाडी शिरली तसा फुलचंद डोळ्यांवर शेव ओढू लागला, तर बहीणच गाडी थांबवून खाली उतरली. एक पांढरी घोडी ढोलावर नाचत होती. गुलाबबाई "एक नजर" म्हणून तिथे जी उभी राहिली ती माझी आगगाडी चुकेपर्यंत. फुलचंद गाडीत बसून आकाशाकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर इतके समाधान मी आजवर पाहिले नव्हते.

नाशिकला पोचलो ते एका जोड्यानिशी आणि एका फाटक्या उपरण्यानिशी. घरच्यांनी विचारले, खानदेशात काय पाहिलेत? मी मिरच्या सांगितल्या, सातपुडा सांगितला, घोडे सांगितले. पण गाडीत दुसऱ्या दिवशी सबंध वाट माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मी आयुष्यभर कोर्टात आणि रंगभूमीवर लांबलचक भाषणे करून माणसांचे मन वळवत आलो, आणि नेमके वेळेवर कसे बोलावे हे मला छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या, दोन दिवसांच्या उपाशी बाईने शिकवले. वाटी पुढे करून, घाटावरच्या सगळ्या पुजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ती भावावर ओरडली होती:

"पहिले तोंड उघाड भाऊ, माफी मंग मांगजो!"